आज उडायचे की थांबायचे: विद्यार्थी वैमानिकासाठी हवामान आणि धीर

उड्डाणप्रशिक्षणाचे वेळापत्रक हाती पडते तेव्हा त्यातला प्रत्येक चौकोन उड्डाणाचाच वाटतो. प्रत्यक्षात त्यांपैकी बरेच चौकोन ढग, वारा, धुके आणि विमानाची दुरुस्ती यांच्या वाट्याला जातात. विद्यार्थ्याची चिडचिड उड्डाण अवघड गेल्यामुळे जितकी होते, त्याहून अधिक ते झालेच नाही म्हणून होते. ही चिडचिड निरुपद्रवी नसते. ‘ढग तसे फार खाली नाहीत’, ‘वारा थोडासाच जास्त आहे’ अशा वाक्यांचे रूप घेऊन ती पुढे हवामानाच्या वाचनातच शिरते. म्हणून धीर आणि हवामानाची सावधगिरी हे दोन वेगळे धडे मानू नयेत. ज्याला थांबणे जमत नाही, त्याला हवामानाचा अहवालही सरळ वाचता येत नाही. तो त्यात आपल्याला हवे तेच शोधत बसतो.

‘धीर धरा’ असे सांगितल्याने मात्र कोणालाही धीर येत नाही. ठरावीक काम ठरावीक वेळी करण्याची सवय लागली, की निर्णयाच्या क्षणी मनावर कमी ताण पडतो आणि थांबणे सोपे होते. पुढे दिलेली पद्धत लहान, एका इंजिनाच्या विमानासाठी आणि व्हीएफआर, म्हणजे बाहेर पाहून केल्या जाणाऱ्या उड्डाणांसाठी आहे. बहुतेक विद्यार्थी याच टप्प्यावर असतात. देशोदेशीचे नियम आणि प्रशिक्षणसंस्थांच्या मर्यादा थोड्याफार वेगळ्या असतात. त्या इथल्यापेक्षा कडक असतील, तर त्याच पाळाव्यात.

आदल्या संध्याकाळचे काम

हवामान पाहण्यास उड्डाणाच्या अर्धा तास आधी नव्हे, तर आदल्या संध्याकाळी सुरुवात करावी. त्या वेळी थेट विमानतळाचा अहवाल उघडू नये. आधी मोठा नकाशा पाहावा. कमी दाबाचे क्षेत्र कुठे आहे, ते कोणीकडे सरकते आहे, उबदार आणि थंड हवेची सीमा, म्हणजे फ्रंट, आपल्या भागावरून केव्हा जाण्याची शक्यता आहे, एवढे कळले तरी दुसऱ्या दिवशीचे आकडे अचानक अंगावर येत नाहीत. उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिल्यास कमी दाबाचे क्षेत्र साधारणपणे डाव्या हाताला असते आणि दक्षिण गोलार्धात उजव्या हाताला. डच हवामानशास्त्रज्ञ बाइस बॅलट यांच्या नावाने ओळखला जाणारा १८५७ सालचा हा नियम आजही मोकळ्या मैदानात उभे राहून पडताळता येतो, आणि नकाशा व प्रत्यक्ष वारा यांचा संबंध मनात पक्का करण्यासाठी याच्याइतका सोपा सराव दुसरा नाही.

मोठ्या नकाशानंतर टॅफ, म्हणजे विमानतळाचा अंदाज पाहावा. टॅफ वाचताना त्याची व्याप्ती लक्षात ठेवणे फार महत्त्वाचे आहे. तो त्या विमानतळाच्या आसपासच्या साधारण ८ किलोमीटर परिसरापुरताच असतो. निघण्याच्या आणि पोहोचण्याच्या अशा दोन्ही ठिकाणांचे टॅफ उत्तम असले, तरी मधल्या डोंगररांगेवर ढग टेकलेले असू शकतात आणि त्याबद्दल दोन्ही टॅफ काहीच बोलत नाहीत. मधल्या पट्ट्यासाठी क्षेत्रीय अंदाज, उपग्रहचित्रे आणि वाटेतल्या इतर विमानतळांचे अहवाल पाहावे लागतात. विद्यार्थी बहुधा इथेच आळस करतात, कारण दोन टोके स्वच्छ दिसली की मधलेही स्वच्छच असणार असे मन आपोआप मानून घेते.

हे सारे पाहून झाल्यावर वही उघडावी आणि स्वतःचा अंदाज लिहावा: उद्या ठरलेल्या वेळी वारा किती आणि कोठून असेल, दृश्यमानता किती, ढगांचा तळ किती उंचीवर, आणि आपण जाणार की नाही. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेचा प्रत्यक्ष अहवाल शेजारच्या रकान्यात लिहावा. ज्या दिवशी उड्डाण ठरलेले नाही, त्या दिवशीही हे करावे. शिकण्याच्या काळात सर्वांत जास्त परतावा देणारी सवय कोणती असे विचारले, तर मी या वहीकडे बोट दाखवीन. तिला विमान लागत नाही, प्रशिक्षक लागत नाही, आणि उड्डाण रद्द झाल्याचा दिवसही तिच्यामुळे वाया जात नाही.

एक अहवाल, सावकाश

मेटार, म्हणजे विमानतळावरील प्रत्यक्ष हवामानाचा अहवाल, साधारणपणे दर अर्ध्या किंवा एका तासाने निघतो. सांकेतिक अक्षरे पाठ झाली की विद्यार्थी तो दहा सेकंदांत वाचून मोकळा होतो, पण वाचणे आणि त्याचा हिशेब करणे यांत फरक आहे. उदाहरणादाखल असा अहवाल घेऊ: वारा ३०० अंशांवरून १६ नॉट (एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल), झोत २६ नॉट, दृश्यमानता ८ किलोमीटर, ढग २,००० फुटांवर, ब्रोकन, म्हणजे आकाशाचे आठपैकी पाच ते सात भाग झाकलेले, तापमान २४ अंश, दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ थिजून पाणी होऊ लागते ते, १९ अंश, क्यूएनएच, म्हणजे उंचीमापकात लावायचा समुद्रसपाटीचा हवेचा दाब, १००६ हेक्टोपास्कल. धावपट्टी २७ वापरात आहे आणि विद्यार्थ्याला एकट्याने सर्किट, म्हणजे विमानतळाभोवती फेरी मारून पुन्हा उतरण्याचा सराव, करायचे आहेत.

आधी वारा घ्यावा. धावपट्टी २७ म्हणजे २७० अंशांच्या दिशेची आणि वारा ३०० अंशांवरून, म्हणजे कोन ३० अंशांचा. ३० अंशांच्या कोनात वाऱ्याचा निम्मा जोर आडवा लागतो, ४५ अंशांत सुमारे सात दशांश आणि ६० अंशांत जवळजवळ नऊ दशांश. म्हणजे इथे आडवा वारा ८ नॉट, पण झोत आला की १३. हिशेब नेहमी झोताच्या आकड्याने करावा, कारण विमान नेमके टेकत असताना झोत येणार नाही अशी हमी कोणी देत नाही. विमानाच्या पुस्तिकेत आडव्या वाऱ्याचा १५ नॉट असा आकडा छापलेला असेल, तर तो चाचणीच्या वेळी कसलेल्या वैमानिकाने प्रत्यक्ष करून दाखवलेला आकडा आहे, हे विसरू नये. विद्यार्थ्याला तेवढा वारा झेपतो, असा त्याचा अर्थ होत नाही.

एक बारकावा इथे सांगून ठेवतो. मेटारमधील वाऱ्याची दिशा खऱ्या उत्तरेपासून मोजलेली असते, तर धावपट्टीचा आकडा आणि टॉवरकडून मिळणारी वाऱ्याची दिशा चुंबकीय उत्तरेपासून. ज्या प्रदेशात या दोन उत्तरांमधला फरक मोठा आहे, तिथे कागदावरचा कोन आणि प्रत्यक्षातला कोन बराच वेगळा निघतो.

मग ढग. तापमान आणि दवबिंदू यांतील फरक ५ अंश आहे. जमिनीजवळची तापलेली हवा वर चढून ढग बनत असेल, तर दर एका अंशाला सुमारे ४०० फूट धरून ढगांच्या तळाचा अंदाज बांधता येतो. इथे तो २,००० फूट येतो आणि अहवालाशी जुळतो. सर्किटची उंची जमिनीपासून १,००० फूट असेल, तर ढग वर पुरेसे लांब आहेत असे वाटते. पण आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, म्हणजे आयकाओच्या नियमांनुसार १०,००० फुटांखाली नियंत्रित हवाई क्षेत्रात व्हीएफआर उड्डाणाला ५ किलोमीटर दृश्यमानता, ढगांपासून आडवे १,५०० मीटर आणि उभे १,००० फूट अंतर लागते. सर्किट १,००० फुटांवर आणि ढग २,००० फुटांवर, म्हणजे नियम नेमका काठावर पाळला जातो आणि हाताशी एकही फूट शिल्लक राहत नाही. वर ढकलणाऱ्या एका हवेच्या प्रवाहात किंवा उंची राखताना झालेल्या किरकोळ चुकीत तो मोडतो.

शेवटी दाब. तासापूर्वी क्यूएनएच १००८ होता, आता १००६ आहे. एका हेक्टोपास्कलला साधारण ३० फूट धरले, तर जुनाच आकडा लावून उडणाऱ्याचा उंचीमापक प्रत्यक्षापेक्षा ६० फूट जास्त उंची दाखवील. साठ फूट म्हणजे फार नव्हे, पण तासाभरात दाब इतका का उतरला, हा प्रश्न त्या फुटांपेक्षा मोलाचा आहे. म्हणूनच एकट्या मेटारवर कधी विसंबू नये. मागचे तीन-चार अहवाल एकाखाली एक लिहिले, की वारा वाढतो आहे की पडतो आहे, तापमान आणि दवबिंदू जवळ येत आहेत की लांब जात आहेत, हे बोलून न दाखवताही दिसू लागते.

या अहवालावर एकट्याने सर्किट करायला जाऊ नये, असे माझे मत आहे. तीन गोष्टी एकाच वेळी काठावर आहेत. प्रत्येक बाब सुटी पाहिली तर चालण्यासारखी वाटते, आणि नेमकी तीच फसवणूक आहे.

मर्यादा आकड्यांत लिहाव्यात

कायद्याने आखलेली मर्यादा सर्वांसाठी एकच असते. स्वतःची मर्यादा स्वतःच्या अनुभवाप्रमाणे ठरवावी लागते. प्रशिक्षकासमोर बसून ती आकड्यांत लिहावी. एकट्याने पहिले काही सर्किट करणाऱ्यासाठी ती अशी असू शकते: एकूण वारा १२ नॉटपर्यंत, आडवा वारा ६ नॉटपर्यंत, झोतांचा अहवाल असल्यास उड्डाण नाही, ढगांचा तळ २,५०० फुटांच्या वर, दृश्यमानता ८ किलोमीटरच्या वर. हे आकडे नमुन्याचे आहेत. तुमचे आकडे तुमच्या प्रशिक्षकाने तुमची लँडिंग पाहून ठरवावेत. ‘वारा फार असेल तर जाणार नाही’ हे वाक्य मात्र वहीत लिहू नये. ‘फार’ म्हणजे किती, हे उड्डाणाच्या दिवशी ठरवायचे म्हटले तर मन ते आपल्या सोयीनेच ठरवते.

या मर्यादांना एकच पोटनियम पुरेसा आहे: त्या कडक कधीही कराव्यात, पण सैल फक्त अशा दिवशी कराव्यात, ज्या दिवशी उड्डाण नाही. विमान समोर उभे आहे, टाकीत इंधन भरलेले आहे आणि वारा मर्यादेपेक्षा दोन नॉट जास्त आहे, अशा वेळी मर्यादेचा फेरविचार करणे म्हणजे ती नसल्यासारखेच आहे.

निर्णयही एकदाच घ्यायचा नसतो. आदल्या संध्याकाळी, निघण्यापूर्वी, विमानाची बाहेरून तपासणी सुरू करण्याआधी आणि धावपट्टीवर शिरण्याआधी थांबण्याच्या जागेवर, असा तो किमान चार वेळा घ्यावा. जाण्यासाठी सर्व अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. न जाण्यासाठी एकच कारण पुरते, आणि ते कोणाला पटवून देण्याची गरज नसते. स्वतःची झोप, आजारपण, औषधे आणि मनावरचा ताण हेही याच तपासणीत धरावेत. चौथ्या वेळी नाही म्हणणे सर्वांत अवघड असते, कारण तोवर बराच वेळ आणि पैसा खर्च झालेला असतो. म्हणून पहिल्या तीन वेळा प्रामाणिकपणे विचार केलेला असावा, म्हणजे चौथ्यावर सहसा भार येत नाही.

‘इतर जण उडत आहेत’ हा युक्तिवाद सर्रास ऐकू येतो. इतरांचे विमान वेगळे असते, त्यांचा अनुभव वेगळा असतो आणि त्यांच्यापैकी काहींना केवळ उपकरणांच्या आधारे उडण्याचा परवाना असतो. प्रशिक्षकाला सांगताना आडवळण घेऊ नये: “सर, झोत माझ्या मर्यादेच्या वर आहेत, आज एकट्याने जात नाही. तुम्हाला वेळ असेल तर दोघे मिळून आडव्या वाऱ्यातल्या लँडिंगचा सराव करू या.” असे म्हटल्याने पुष्कळदा दिवस वाचतो, कारण एकट्याला न झेपणारा वारा दोघांसाठी उत्तम धडा असतो.

थांबण्याने सुटणारे प्रश्न

काही हवामान असे असते, की त्यावर थांबण्याइतका चांगला आणि स्वस्त उपाय नाही. स्वच्छ, शांत रात्रीनंतर ओलसर जमिनीवर उतरणारे धुके हे त्यातले पहिले. तापमान आणि दवबिंदू यांत दोन-तीन अंशांचाच फरक उरला आणि तापमान उतरतच असले, तर ते अपेक्षित धरावे. सूर्य उगवला की धुके लगेच विरते, अशी समजूत असते. पण सूर्योदयानंतर काही काळ ते उलट दाटही होते, कारण हवेची किंचित हालचाल सुरू होऊन गारवा आणि ओल वरच्या थरात मिसळते. पातळ धुक्याचा आणखी एक सापळा आहे. विमानतळाच्या बरोबर वरून खाली पाहिले, तर नजर धुक्याचा काही फुटांचाच थर छेदते आणि धावपट्टी पांढऱ्या पट्ट्यांसकट स्वच्छ दिसते. तीच धावपट्टी उतरताना तिरप्या नजरेने पाहावी लागते, तेव्हा नजरेला कित्येक पटींनी जाड थर पार करावा लागतो आणि शेवटच्या क्षणी ती नाहीशी होते. वरून दिसले म्हणजे उतरता येईल, असे मानू नये. धुके नसलेल्या दुसऱ्या विमानतळापर्यंत जाण्याइतके इंधन हाताशी ठेवून वळावे.

गडगडाटी ढग हे दुसरे. तीव्र वादळापासून किमान २० सागरी मैल, म्हणजे सुमारे ३७ किलोमीटर अंतर ठेवण्याचा सल्ला दिला जातो. विद्यार्थ्याला हे अंतर अवाजवी वाटते, कारण ढग लांब असतो आणि डोक्यावर ऊन पडलेले असते. पण ढगातून कोसळणारी थंड हवा जमिनीवर आपटून चहूबाजूंना पसरते आणि पावसाच्या कितीतरी पुढे पोहोचते. विंडसॉक, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी, काही क्षणांत उलट दिशेला फिरतो. याचे लहान आणि अतिशय तीव्र रूप म्हणजे मायक्रोबर्स्ट. त्याचा विस्तार ४ किलोमीटरपेक्षा कमी असतो आणि तो काही मिनिटेच टिकतो. त्यात शिरणाऱ्या विमानाला आधी समोरचा वारा मिळतो आणि वेग वाढलेला दिसतो, म्हणून नवखा वैमानिक थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणारा दांडा, मागे घेतो. लगेच खाली दाबणारी हवा आणि त्यामागोमाग पाठीमागचा वारा लागतो, आणि तेव्हा ना वेग हाताशी असतो ना उंची. असा एकटा ढग अनेकदा तासाभरातच विरून जातो, म्हणजे त्याच्याशी स्पर्धा करून वाचवायचा असतो तो फार तर एक तास.

हा एक तास किती महाग पडू शकतो, याचे ठळक उदाहरण अमेरिकेतील वायोमिंग राज्यातल्या चेयेन विमानतळाचे आहे. ११ एप्रिल १९९६ च्या सकाळी तिथून सेसना १७७ बी हे लहान विमान निघाले. त्यात सात वर्षांची एक मुलगी, तिचे वडील आणि प्रशिक्षक होते. विमानाने अमेरिकेचा एक किनारा ते दुसरा किनारा असा प्रवास करण्याची ती मोहीम होती, प्रसारमाध्यमांचे लक्ष तिच्याकडे होते, आणि पुढच्या थांब्यांच्या वेळा ठरलेल्या होत्या. पाऊस पडत होता, झोतांचा वारा होता आणि वादळ विमानतळाकडे सरकत होते. विमानात मर्यादेपेक्षा जास्त वजन होते आणि विमानतळ समुद्रसपाटीपासून ६,१०० फुटांहून उंच होता, त्यामुळे हवा विरळ होती. उड्डाणानंतर थोड्याच वेळात विमानाचा वेग उतरला, ते स्टॉल होऊन, म्हणजे पंखांची उचल एकाएकी घटून, कोसळले आणि तिघेही मरण पावले. चौकशीत बिघडत्या हवामानात निघण्याचा निर्णय हे मुख्य कारण ठरवले गेले. माध्यमांना दिलेल्या वेळांमुळे अवाजवी वेळापत्रक पाळण्याची इच्छा हे त्याला हातभार लावणारे कारण म्हणून नोंदले गेले.

या अपघाताकडे पाहताना मुलीच्या वयाचीच चर्चा अधिक झाली. विद्यार्थी वैमानिकाच्या दृष्टीने मात्र वेगळी बाब लक्षात घेण्यासारखी आहे: निर्णय घेणारा माणूस अनुभवी होता, आणि वजन, उंची, वारा, पाऊस हे सर्व आकडे त्याला उपलब्ध होते. वेळापत्रकाला मात्र आकडा नसतो, म्हणून ते हिशेबात धरले जात नाही. तुमच्या बाबतीत ते प्रसारमाध्यमांचे नसेल. परीक्षेची तारीख, सुट्टीचा शेवटचा दिवस किंवा पाहायला आलेले नातेवाईक असतील. म्हणून वहीत वारा आणि ढग यांच्याखाली आणखी एक ओळ ठेवावी: आज गेलोच पाहिजे असे वाटण्याचे कारण काय? ती ओळ भरलेली असेल, त्या दिवशी इतर मर्यादा एक पायरी कडक धराव्यात.

ढगात शिरल्यास काय होते

१९५४ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात एक प्रयोग झाला. केवळ उपकरणे पाहून उडण्याचा अनुभव नसलेल्या वीस जणांना बाहेरचे काही दिसणार नाही अशा परिस्थितीत विमान चालवायला दिले. विसांपैकी प्रत्येकाचा ताबा सुटला. कोणाचा २० सेकंदांत, तर कोणाचा ४८० सेकंदांत, आणि सरासरी निघाली १७८ सेकंदांची. हा आकडा आजवर भीती घालण्यासाठी इतक्या वेळा वापरला गेला आहे, की प्रयोगाचा मूळ हेतू मागे पडला. चुकून ढगात शिरलेल्या नवख्या वैमानिकाला सुखरूप मागे वळण्याची एखादी सोपी पद्धत शिकवता येते का, हे संशोधकांना पाहायचे होते.

ताबा सुटतो तो कानामुळे. आतल्या कानातील अर्धवर्तुळाकार नलिकांमधला द्रव वळणाची सुरुवात ओळखतो, पण वळण एकसारखे चालू राहिले तर साधारण वीस सेकंदांत तो नलिकेच्याच गतीने फिरू लागतो आणि विमान सरळ जात असल्याची खात्री वाटू लागते. मग विमान सरळ केले, की ते उलट बाजूला कलल्याचा भास होतो आणि वैमानिक पुन्हा पहिल्या वळणात शिरतो, त्यात उंची गमावतो, आणि नाक वर ओढून ते वळण आणखी आवळतो.

म्हणून मागे वळण्याचा सराव प्रशिक्षकाबरोबर, बाहेरचे दिसू नये, फक्त उपकरणे दिसावीत अशी झापड डोळ्यांवर लावून, पुन्हा पुन्हा करावा. पंख समपातळीत आणावेत, कृत्रिम क्षितिजावर, म्हणजे विमानाचा कल दाखवणाऱ्या उपकरणावर, नजर ठेवावी आणि सेकंदाला तीन अंश या वेगाने वळावे. पूर्ण मागे फिरायला एक मिनिट लागते. त्या मिनिटात घाई करून कल वाढवण्याचा मोह होतो, तो आवरणे हाच या सरावाचा गाभा आहे. त्याहून चांगले म्हणजे वळण्याची वेळ ढगाच्या आधीच यावी. लांबच्या एकट्याच्या उड्डाणापूर्वी नकाशावर दोन-तीन जागी खुणा कराव्यात आणि प्रत्येकीपुढे लिहावे, की इथवर ढगांचा तळ अमुक उंचीखाली आला किंवा ठरलेल्या वेळेपेक्षा अमुक मिनिटे उशीर झाला, तर परत फिरायचे किंवा जवळच्या विमानतळावर उतरायचे. खाजगी वैमानिकाच्या परवान्यासाठी आयकाओच्या किमान अटींत २७० किलोमीटरचे एकट्याचे उड्डाण आणि दोन वेगवेगळ्या विमानतळांवर उतरणे येते. इतक्या अंतरात हवामान बदलणे स्वाभाविक आहे. मुक्कामाची वेळ येऊ शकते, हे घरी आणि संस्थेत आधीच सांगून ठेवावे, आणि पिशवीत फोनचा चार्जर, औषधे व एका रात्रीपुरते सामान असावे. या पिशवीने किती अविचारी परतीची उड्डाणे टळतात, याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

स्वच्छ आकाशातले हवामान

ऊन कडक, वारा मंद, दृश्यमानता भरपूर, अशा दिवशी हवामानाचा विचारच सुटतो. विमानतळ २,००० फूट उंचीवर असेल, तर प्रमाण वातावरणानुसार, म्हणजे हिशेबासाठी ठरवलेल्या सरासरी वातावरणानुसार, तिथे ११ अंश तापमान अपेक्षित असते. प्रत्यक्षात ३५ अंश असेल, तर फरक २४ अंशांचा झाला. दर अंशाला १२० फूट धरल्यास २,८८० फूट वाढतात आणि विमानाला ती हवा जवळजवळ ४,९०० फुटांवरच्या हवेसारखी लागते. धाव लांबते, चढण मंदावते, आणि धावपट्टीच्या टोकाजवळची झाडे एरवीपेक्षा जवळ दिसतात. पुस्तिकेतील तक्ता उघडून धावेचे अंतर काढावे. जमत नसेल तर दुसऱ्या दिवशी पहाटेची वेळ मागावी.

कार्ब्युरेटरमधला, म्हणजे इंजिनात हवा आणि इंधन मिसळणाऱ्या भागातला, बर्फ हा याहून लपलेला धोका आहे. हवा कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातून जाताना आणि इंधनाची वाफ होताना तापमान इतके उतरते, की बाहेर २० अंशांच्या आसपास तापमान आणि भरपूर आर्द्रता असली तरी आत बर्फ धरू शकतो. स्थिर पात्यांच्या पंख्याच्या विमानात त्याची पहिली खूण म्हणजे थ्रॉटल न हलवता उतरणारा आरपीएम, म्हणजे इंजिनाचे दर मिनिटाचे फेरे. अशा वेळी कार्ब हीटचा, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये गरम हवा सोडणारा, दांडा पूर्ण ओढायचा असतो. ओढताच आरपीएम आणखी उतरतो आणि वितळलेले पाणी इंजिनात जाऊ लागल्याने ते खडखडते. उपाय उलटा लागू पडला असे वाटून विद्यार्थी दांडा परत ढकलतो, आणि बर्फ वाढत राहतो. दांडा तसाच ओढून धरावा. काही वेळाने इंजिन गुळगुळीत होते आणि आरपीएम आपोआप वर येतो.

न झालेल्या उड्डाणांचे काय करावे

लँडिंग काही आठवडे सुधारतच नाही, असा काळ जवळजवळ प्रत्येकाच्या प्रशिक्षणात येतो. नेमक्या त्याच काळात हवामानामुळे दोन-चार तास रद्द झाले, की सोबतच्या विद्यार्थ्याने किती तासांत एकट्याने उड्डाण केले याची चौकशी सुरू होते. ही तुलना कशाच्याच कामाची नाही. त्याचे वारे वेगळे, त्याचे खंड वेगळे. गो-अराउंड, म्हणजे उतरणे सोडून पुन्हा वर जाणे, मात्र या काळात जास्त वेळा करावा. जमिनीपासून ३०० फुटांवर विमान रेषेत, ठरलेल्या वेगात आणि ठरलेल्या उताराने येत नसेल, तर पूर्ण शक्ती देऊन पुन्हा वर जावे आणि लॉगबुकाशेजारच्या टिपणात तो जमलेल्या गोष्टींत लिहावा. बिघडलेले लँडिंग कसेबसे सावरण्याची सवय आणि बिघडलेल्या हवामानातून कसेबसे पार होण्याची सवय एकाच मुळातून वाढतात.

जमिनीवर अडकलेल्या दिवशी खुर्चीत बसून, डोळे मिटून, संपूर्ण सर्किट हातांच्या हालचालींसह आणि रेडिओवरच्या वाक्यांसह मनात उडावे. हवामान कार्यालयातील माणसाशी बोलण्याची संधी मिळाली, तर सोडू नये; आजचा अंदाज काय यापेक्षा तो कशावरून बांधला, हे विचारावे. खंड पंधरा दिवसांहून मोठा झाला, तर परतल्यावर पहिले उड्डाण प्रशिक्षकासोबतच करावे, आणि बुडालेले तास भरून काढण्यासाठी एकाच दिवशी दोन-तीन धडे उरकू नयेत.

महिन्याच्या शेवटी वही प्रशिक्षकासमोर ठेवावी. तीत असे काही दिवस नक्की सापडतील, की तुम्ही गेला नाहीत आणि नंतर हवामान उत्तम राहिले. त्या नोंदींवर फुली मारू नये. निर्णयाच्या वेळी हाती असलेल्या माहितीवरून तो योग्य होता का, एवढेच तपासावे. अशा नोंदी वारंवार एकाच कारणाशी, समजा ७ ते ९ नॉटच्या आडव्या वाऱ्याशी, येऊन थांबत असतील, तर तेवढ्याच वाऱ्याचा दिवस निवडून प्रशिक्षकासोबत लँडिंग करावीत, आणि ती पाहून त्याने होकार दिल्यावर, उड्डाण नसलेल्या दिवशी, वहीतला ६ चा आकडा खोडून पुढचा लिहावा.